लाइट आली त्या क्षणी

प्रस्तावना

खानदेशात शेतीपंपाची थ्री फेज लाइट कित्येक वर्षं पाळीनं येते. काही दिवस दिवसाचे आठ तास, काही दिवस रात्रीचे दहा. रात्री दोनला उठून विहिरीवर कोण जाणार, म्हणून शेतकरी स्टार्टरला ऑटो स्विच लावून टाकतो. लाइट आली की पंप आपोआप सुरू. ऑटो स्विच काढा, कॅपॅसिटर बसवा, असं आवाहन महावितरण पुन्हा पुन्हा करतं आणि शेतकरी ते वाचून पेपराची घडी घालतो. आवाहनामागचं कारण मात्र खरं आहे. मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सहापट करंट ओढते. फिडरवरच्या साऱ्या मोटरी एकाच सेकंदाला उठल्या की फ्यूज उडतात, कधी डीपीच (ट्रान्सफॉर्मर) जळते. मग ती बदलून मिळेपर्यंत गहू, हरभरा, केळी सगळं तहानलेलं.

इंजिनिअरला यावर सुचणारा उपाय सोपा आहे. लाइट आल्यावर प्रत्येक कंट्रोलरनं शून्य ते दहा मिनिटांमधला कुठलाही एक आकडा धरावा, तेवढं थांबावं, मग पंप चालू करावा. पण कंट्रोलरचा डबा हा ‘कुठलाही’ आकडा आणणार कुठून? एकाच कारखान्यातून एकच फर्मवेअर भरून निघालेले हे डबे. घड्याळाला बॅटरी नाही, त्यामुळे सगळ्यांच्या लेखी आत्ता १ जानेवारी १९७० ची मध्यरात्र. लाइट सगळ्यांना एकाच क्षणी आलेली. आकडा काढायचं सूत्र तेच, त्याला दिलेलं बीजही तेच. मग सगळे मिळून सात मिनिटं बारा सेकंद थांबणार आणि एकदम उठणार. डीपी सात मिनिटं उशिरा जळेल, एवढाच फरक.

विलंबापुरता यातून मार्ग निघतो. प्रत्येक डब्याचा सिरियल नंबर वेगळा असतो. त्यावरून आकडा काढला तरी पंप मागेपुढे उठतील. तिथं आकडा कुणी ओळखला म्हणून काही बिघडत नाही. त्याच डब्यानं सिमकार्डावरून सर्व्हरशी गुप्तपणे बोलायचं म्हटलं की मात्र सिरियल नंबर निरुपयोगी ठरतो, कारण तो डब्यावरच्या स्टिकरवर छापलेला असतो. तिथं आकडा वेगळा असून भागत नाही, तो कुणालाही ओळखता येऊ नये अशी अट असते. ही पुस्तिका त्या अटीबद्दल आहे. नेमकं सांगायचं तर यू-बूट या बूटलोडरमध्ये टीपीएम नावाच्या सुरक्षा चिपचा जो ड्रायव्हर असतो, त्याच्याकडून हार्डवेअर रँडम नंबर जनरेटरचं काम कसं करून घ्यायचं, याबद्दल.

विषय जळगाव-धुळ्यापासून लांबचा वाटेल. मला तो इथलाच वाटतो. पुण्या-मुंबईच्या डेटा सेंटरमधला सर्व्हर एकदा चालू झाला की महिनोन्‌महिने बंद होत नाही, त्यामुळे बूट होण्याचा क्षण त्याच्या आयुष्यात क्वचित येतो. आपल्या शिवारातलं यंत्र लाइटच्या पाळीबरोबर रोज मरतं आणि रोज जन्मतं. सौर पंपाचंही तेच. ज्या कंट्रोलरला स्वतःची बॅटरी नाही, तो उन्हाबरोबर जागा होतो आणि दिवस मावळला की झोपतो. पीएम-कुसुम योजना २०१९ साली आली, आणि तिच्या सौर पंपांना दुरून देखरेख करणारी यंत्रणा लागते. म्हणजे पंपाची माहिती मोबाइल नेटवर्कवरून रोज बाहेर जाते. साक्री तालुक्यात महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प २०१३ पासून उभा आहे. जळगाव जैन इरिगेशनमुळे ठिबकचं गाव म्हणून देशाला माहीत झालं, आणि ठिबकचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडझाक करणारे कंट्रोलर आता बांधाबांधावर दिसू लागलेत. साध्या स्टार्टरमध्ये एखादा छोटा मायक्रोकंट्रोलर असतो, यू-बूट वगैरे काही नसतं, हे आधीच कबूल करतो. पण पाच-पन्नास व्हॉल्व्ह सांभाळणारा गेटवे आतून लिनक्स चालवत असेल, तर पुढची पानं त्याच्यासाठी आहेत.

आता आकडा ओळखता न येणं म्हणजे काय, ते नीट पाहू. त्यासाठी चाळीसगावच्या वाटेनं जावं लागेल.

चाळीसगाव तालुक्यात पाटणादेवीच्या डोंगराशी पाटण नावाचं गाव आहे. गणिती भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाच्या दरबारी ज्योतिषी होता. आजोबांच्या ग्रंथांचं अध्ययन व्हावं म्हणून त्यानं इथे मठ काढला, आणि त्याची नोंद करणारा १२०७ सालचा शिलालेख पाटणला आहे. तो अभ्यासकांच्या नजरेस आणला भाऊ दाजी लाडांनी. भास्कराचार्यांचं जन्मगाव कोणतं यावर पंडितांचं अजून एकमत नाही. मठाबद्दल मात्र दगडच बोलतो. भास्कराचार्यांचा सिद्धान्तशिरोमणी अधिकृतपणे शिकवायची संस्था आठशे वर्षांपूर्वी जळगाव जिल्ह्याच्या या कोपऱ्यात होती, आणि आपल्याकडच्या इंजिनिअरिंगच्या पोरांना ते सहसा कुणी सांगत नाही.

भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त अंकपाश नावाचं प्रकरण आहे. त्यात एक उदाहरण येतं: शंभूच्या दहा हातांत दहा आयुधं, ती अदलाबदल करून किती मूर्ती होतील? उत्तर ३६,२८,८००. मूर्तिकाराच्या दृष्टीनं अफाट आकडा. एखाद्या डब्याची गुप्त किल्ली या ३६ लाख मूर्तींपैकी एक असती, तर चोराला फक्त सगळ्या मूर्ती ओळीनं तपासायच्या आहेत. साधा लॅपटॉप ते डोळ्याचं पातं लवतं तेवढ्यात करतो. बिटांच्या भाषेत ही जेमतेम २२ बिटांची अनिश्चितता झाली. आज निदान १२८ बिट लागतात, आणि प्रत्येक जादा बिट शक्यता दुप्पट करतो. किल्ली किती लांब आहे याला इथे महत्त्व नाही. ती किती शक्यतांमधून निवडली गेली, याला आहे. २,०४८ बिटांची भलीमोठी किल्ली फक्त ३२,७६८ शक्यतांमधून निघाली असेल तर ती ३२,७६८ एवढीच मजबूत. हे उदाहरण काल्पनिक नाही. डेबियन लिनक्सच्या ओपनएसएसएल पॅकेजमध्ये २००६ साली एका तपासणी साधनाची कुरकुर थांबवण्यासाठी कोडच्या एक-दोन ओळी काढल्या गेल्या, आणि मे २००८ पर्यंत तिथं तयार होणाऱ्या किल्ल्यांमध्ये चालू प्रोसेसचा क्रमांक सोडला तर अनिश्चित असं काहीच उरलं नव्हतं. पावणेदोन वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण किल्ल्या बनत होत्या, कुलपं लागत होती, उघडत होती. रँडम आकड्याच्या कामातला बिघाड असाच असतो. चुकीचा आकडा आणि बरोबर आकडा दिसायला अगदी सारखे. टेस्ट पास होते.

या पुस्तिकेच्या विषयाला जास्त जवळची घटना २०१२ ची. नादिया हेनिंगर आणि तिच्या सहकाऱ्यांनी सगळं इंटरनेट धुंडाळून वेबसाठीच्या आणि दुरून लॉगिन करण्यासाठीच्या सार्वजनिक किल्ल्या गोळा केल्या, आणि त्या एकमेकींशी ताडून पाहिल्या. आरएसए किल्लीत दोन मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार असतो. गुणाकार जगजाहीर, अवयव गुप्त. अवयव शोधणं फार अवघड, त्यावरच सगळा डोलारा. पण दोन वेगवेगळ्या यंत्रांच्या गुणाकारांत एक अवयव चुकून सारखा आला तर? लहान आकड्यांवर करून बघा. एका डब्याचा आकडा ८,६३३, दुसऱ्याचा ९,७९७. मोठ्याला लहानानं भागा, बाकी १,१६४. मग ८,६३३ ला १,१६४ नं, बाकी ४८५. पुढे १९४. पुढे ९७. आणि १९४ ला ९७ नं पूर्ण भाग जातो. सामाईक अवयव सापडला, ९७. एक डबा म्हणजे ८९ गुणिले ९७, दुसरा ९७ गुणिले १०१. दोन्ही कुलपं एकदम उघडली. शेकडो अंकी संख्यांवरही हा परस्पर भागाकार क्षणात होतो. भास्कराचार्यांच्या कुट्टकाची सुरुवात याच परस्पर भागाकारानं होते. पाटणच्या मठातल्या विद्यार्थ्याला ही रीत पाठ असणार.

हेनिंगरच्या गटाला अशा रीतीनं सुमारे ६४ हजार वेब यंत्रांच्या गुप्त किल्ल्या मिळाल्या, तपासलेल्यांपैकी अर्धा टक्का. ही यंत्रं होती कोणती? बहुतेक सगळी राऊटर, फायरवॉल, दुरून सर्व्हर सांभाळणारी छोटी कार्डं, म्हणजे डबेच. कारणही त्यांनी शोधलं. डबा पहिल्यांदा चालू होतो, आणि लगेच स्वतःची किल्ली बनवायला बसतो. त्या वेळी लिनक्सच्या रँडम साठ्यात काही जमलेलंच नसतं. म्हणून दोन डब्यांची पहिली मूळ संख्या एकच निघते. ती काढता काढता घड्याळाचा एखादा टिक्‌ इकडेतिकडे होतो, तेवढ्यानं दुसरी संख्या वेगळी निघते. एक अवयव सारखा, एक वेगळा: नेमकी वरची स्थिती. दोन्ही अवयव सारखे निघाले असते तर फक्त एकसारखी किल्ली दिसली असती. अर्धवट रँडमपणा इथे अधिक महागात पडला.

चालू यंत्राला रँडमपणा मिळतो तो बाहेरच्या गडबडीतून. कीबोर्डची बटणं कधी दाबली, डिस्कनं उत्तर किती वेळात दिलं, नेटवर्कवर पॅकेट कोणत्या क्षणी आलं, याची किंचितशी अनियमितता लिनक्स गोळा करत राहतं. पहिल्या सेकंदांत यातलं काहीच नसतं, आणि विहिरीवरच्या डब्याला कीबोर्ड, माउस, फिरती डिस्क तर कधीच नसते. २०१९ च्या सप्टेंबरात याचा एक गमतीदार नमुना दिसला. लिनक्सच्या फाइल सिस्टीममध्ये सुधारणा करून डिस्कचे हेलपाटे कमी केले. यंत्र जलद व्हायला हवं होतं. काही यंत्रं उठेचनात. हेलपाटे कमी, म्हणून गडबड कमी, म्हणून रँडम साठा भरेना, आणि लॉगिनचा पडदा त्या साठ्याची वाट पाहत बसला. ती सुधारणा तूर्त मागे घ्यावी लागली.

तेव्हा लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, उठायच्या आधीच कुणीतरी त्याच्या हातात मूठभर खरेखुरे रँडम बिट ठेवायला हवेत. कर्नलच्या आधी जागं कोण असतं? बूटलोडर.

यू-बूट हा वोल्फगांग डेंक या जर्मन इंजिनिअरच्या कामातून वाढलेला बूटलोडर. २००२ पासून तो या नावानं ओळखला जातो आणि लिनक्स चालवणाऱ्या छोट्या बोर्डांवर जिकडेतिकडे सापडतो. चिपमधला कायमचा कोड त्याला जागा करतो, तो मेमरी लावून घेतो, कर्नल शोधून आणतो, डिव्हाइस ट्री नावाचा यंत्राचा नकाशा कर्नलच्या हाती देतो आणि बाजूला होतो. या नकाशात एक जागा राखलेली आहे, तिथं ६४ बिटांचा रँडम आकडा ठेवता येतो. तो वाचून कर्नल मेमरीत कुठे बसायचं ते ठरवतो, म्हणजे हल्ला करणाऱ्याला पत्ता आधीच ठाऊक असत नाही. वाचून झाल्यावर कर्नल तो आकडा पुसून टाकतो. बूटलोडरनं तिथं काहीच ठेवलं नाही तर एआरएमच्या पुष्कळ बोर्डांवर कर्नल रोज त्याच पत्त्यावर बसतो, शंभरच्या शंभर डब्यांत. रँडम साठ्याला सुरुवातीचं विरजण म्हणून आणखी एक बीज याच नकाशातून देण्याची सोय लिनक्समध्ये २०१९ पासून आहे.

यू-बूटमध्ये रँडम नंबर देणाऱ्या उपकरणांचा वेगळा वर्ग २०२० च्या सुमारास आला. ज्यांच्या मुख्य चिपमध्येच असा जनरेटर आहे, त्यांचं काम तिथं भागलं. ज्यांच्याकडे तो नाही, किंवा आहे पण बनवणाऱ्यानं त्याची माहिती दाबून ठेवलेली, त्यांनी काय करायचं? त्यातल्या पुष्कळ बोर्डांवर टीपीएम मात्र असतो. किल्ल्या सांभाळणारी, बूटची नोंद ठेवणारी ही छोटी चिप. तिची २.० ही आवृत्ती पुढे आयएसओ ११८८९ म्हणून जागतिक मानक झाली, आणि त्या मानकानुसार तिच्या पोटात रँडम नंबर जनरेटर असावाच लागतो. सिलिकॉनमधल्या उष्णतेच्या थरथरीतून, आंदोलकांच्या बारीक अनियमिततेतून ती बिट गोळा करते, त्यांची चाळणी करते आणि मागेल त्याला देते. हे घरात असताना यू-बूटचा टीपीएम ड्रायव्हर बरीच वर्षं त्याचा उपयोग इतरांना करू देत नव्हता. २०२२ मध्ये ती वाट मोकळी झाली.

मागणी कशी जाते ते जवळून बघण्यासारखं आहे. टीपीएमला जाणारा निरोप अवघ्या १२ बाइटांचा. पहिले दोन बाइट सांगतात की या मागणीला सही-ओळखीची गरज नाही. पुढचे चार निरोपाची लांबी, म्हणजे बारा. पुढचे चार आज्ञेचा क्रमांक. शेवटचे दोन, किती बाइट हवेत. बत्तीस मागितले तर ४४ बाइटांचं उत्तर येतं: दहा बाइटांचं मथळ्याचं पान, दोन बाइटांत ‘किती दिले’, आणि मग माल.

‘किती दिले’ हे दोन बाइट मला फार महत्त्वाचे वाटतात, आणि या पुस्तिकेत त्यांच्यावर जितका वेळ घालवलाय तितका योग्यच आहे. टीपीएम एका मागणीत एका डायजेस्टच्या, म्हणजे हॅशच्या निकालाच्या, लांबीपेक्षा जास्त देत नाही. पुष्कळ चिपांत ही मर्यादा ३२ किंवा ६४ बाइट. तुम्ही शंभर मागितले, तिनं बत्तीस दिले आणि ‘यशस्वी’ असं कळवलं, तर तिचं काही चुकलं नाही. ड्रायव्हरनं ते दोन बाइट वाचून, उरलेल्यासाठी पुन्हा मागणी करायची असते. आळस केला तर बफरमधले उरलेले ६८ बाइट म्हणजे मेमरीत आधी पडलेला कचरा. तो कचरा पडद्यावर छापून पाहा, अगदी रँडम दिसेल. आणि रोज तोच असेल.

दुसरी गोम क्रमाची. टीपीएमला आधी सुरू करण्याची आज्ञा द्यावी लागते. त्याआधी रँडम मागितलं तर ती ‘अजून तयार नाही’ असं कळवून मोकळी होते. शिवाय यू-बूटमध्ये टीपीएम ओळखला गेल्यावरच त्याच्या पोटी रँडम उपकरण जन्माला येतं. त्यामुळे कर्नलसाठी बीज शोधणारा कोड टीपीएम जागा होण्याआधी धावला तर त्याला घर रिकामं दिसतं, आणि तो बीजाविनाच पुढे जातो. कुठेही लाल अक्षरांत एरर नाही. बूट एकदम सुरळीत.

टीपीएमवर डोळे मिटून भरवसा ठेवावा असं मी म्हणणार नाही. २०१७ मध्ये इन्फिनिऑनच्या चिपांमधला आरओसीए नावाचा दोष बाहेर आला; रँडम बिट ठीक होते, त्यांतून मूळ संख्या बनवायची पद्धत कच्ची होती. एस्टोनियाला सुमारे साडेसात लाख ओळखपत्रांची प्रमाणपत्रं थांबवावी लागली. २०२३ मध्ये एएमडीच्या फर्मवेअरमधल्या टीपीएममुळे संगणक मध्येच अडखळत होते, म्हणून लिनक्सनं त्या टीपीएमकडून रँडम घेणंच बंद केलं. आणि शिवारातल्या डब्याची स्वतःची अडचण आहे. तो राखणीविना असतो. टीपीएम आणि मुख्य चिप यांच्यामधल्या तारांवर रँडम बिट साध्या मागणीत उघडेच धावतात. झाकण उघडून तारा जोडणाऱ्याला ते वाचता येतात. शिवाय जळगावच्या मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, आणि उन्हात तापलेल्या पत्र्याच्या पेटीत त्याहून वर. औद्योगिक प्रतीची, ८५ अंशांपर्यंत चालणारी चिप न घेता घरगुती प्रतीची घेणं ही इथे बचत नव्हे.

म्हणून टीपीएमचे बिट इतर उगमांत मिसळून वापरायचे, हीच रीत मला पटते. नीट मिसळलं तर एक उगम नासका निघाला तरी बाकीच्यांचा रँडमपणा कमी होत नाही. लिनक्स हेच करतं, आणि बूटलोडरनं दिलेल्या बीजावर किती विश्वास टाकायचा हे ठरवायची मुभाही देतं. मला विचाराल तर शेतातल्या डब्यासाठी विश्वास ठेवावा. पूर्ण खात्री होईपर्यंत थांबणारा डबा पाणी देत नाही, आणि लाइटचे आठ तास थांबत नसतात.

ही पानं मराठीत लिहिण्यामागे कारण आहे. बांभोरी, धुळे, शिरपूरच्या कॉलेजांतून इलेक्ट्रॉनिक्सची मुलं दरवर्षी बाहेर पडतात. त्यांतली बरीच जण पुण्यात जाऊन दुसऱ्यानं लिहिलेले ड्रायव्हर बोर्डावर चढवतात. काम होतं, पगार मिळतो. मात्र ड्रायव्हरच्या आतली चाळीस-पन्नास ओळींची गोष्ट आपल्या भाषेत समजावून सांगणारं कुणी भेटत नाही. टीपीएमचा रँडम ड्रायव्हर खरोखर तेवढाच छोटा आहे. म्हणून तो पहिला ड्रायव्हर म्हणून वाचायला चांगला. तिसऱ्या प्रकरणात यू-बूटची उपकरणांची रचना येते, तिथं अडखळायला होईल. ते प्रकरण सोडून चौथं आधी वाचलं तरी चालेल.

चिप विकत घ्यायची घाई करू नका. क्यूईएमयू या आभासी यंत्रावर यू-बूट चालवता येतो आणि त्याला एसडब्ल्यूटीपीएम हा सॉफ्टवेअरमधला टीपीएम जोडता येतो; दोन्ही फुकट आहेत, आणि बेताच्या लॅपटॉपवर चालतात. टीपीएम सुरू करा, यू-बूटच्या प्रॉम्प्टवर आरएनजी ही आज्ञा देऊन पाहा, आणि छोटासा कोड लिहून ड्रायव्हरकडून मुद्दाम शंभर बाइट मागा. मग ड्रायव्हरमधलं उरलेलं मागून घेणारं लूप काढून टाका आणि पुन्हा शंभर मागा. दोन-तीनदा बूट करून शेपटाकडचे बाइट एकमेकांशी ताडून बघा. एवढंच ध्यानात असू द्या की एसडब्ल्यूटीपीएम आपले रँडम बिट तुमच्या लॅपटॉपकडूनच घेतो. या प्रयोगात ड्रायव्हर तपासला जातो. खऱ्या चिपचा रँडमपणा तपासायला खरी चिप आणि बरेच जास्त बाइट लागतील, आणि ते काम शेवटच्या प्रकरणात आहे.